चर्चच्या भिंती, ४३ घरं

चर्चचं घर करायचं म्हटलं की वाटतं, सोप्पं आहे! भिंती आहेत, छप्पर आहे, आत पार्टिशन्स टाकली की झालं. पण तसं नसतं. चर्च म्हणजे मुळात एकच प्रचंड खोली. सगळी जादू डोक्यावरच्या रिकाम्या उंचीत. आणि फ्लॅट म्हटले की मजले आले, म्हणजे नेमकी तीच उंची कापायची. उंच खिडकीच्या मधोमध स्लॅब येतो. खालच्याच्या वाट्याला खिडकीचा पाय, वरच्याला कमान! शिवाय जुन्या भिंतींना मजल्यांचं वजन झेपेलच असं नाही, म्हणून बरेचदा आत स्टीलचा वेगळा सांगाडा उभारतात. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस जुना, आतला कोड नवा.

बॉस्टनमध्ये या प्रश्नाची दोन उत्तरं बघायला मिळतात.

एमआयटीकडून हार्वर्ड ब्रिज ओलांडला की बीकन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पहिलं. सी. हॉवर्ड वॉकरने १८९०च्या दशकात बांधलेलं माउंट व्हर्नन चर्च. १९७८ साली ते आगीत जळालं. उरल्या त्या दगडी भिंती आणि मनोरा. ग्रॅहम गुंड या आर्किटेक्टने १९८३ पर्यंत तिथे 'चर्च कोर्ट' उभं केलं, ४३ घरांचं. पण जळक्या भिंतींच्या आत तो मजले कोंबत बसला नाही. तिथे त्याने बाग केली आणि घरांसाठी लागून नवी विटांची इमारत बांधली. छप्पर गेलं, पण उंची राहिली. वाड्याच्या चौकात उभं राहून वर बघावं, तसं आभाळ!

दुसरं साउथ एंडमधलं. जर्मनीहून आलेल्या कॅथलिकांचं होली ट्रिनिटी चर्च. पॅट्रिक कीलीचं डिझाइन, बांधकाम १८७०च्या दशकातलं. २००८ मध्ये ते बंद झालं आणि २०१७च्या सुमारास तिथे 'द लूकस' आलं, ३३ घरांचं. इथे दगडी भिंतींच्या आतून काच आणि स्टीलची इमारत सरळ वर निघालीय. आठ मजली. काहींना ते भयंकर वाटतं. मला प्रामाणिक वाटतं. जुनं कुठलं, नवं कुठलं, लहान मूलही सांगेल.

तरी मला पहिलं जास्त आवडतं, कारण तिथे रिकामी जागा वाचली. पण खरी गोम पुढेच आहे. ती वाचली कोणासाठी? परमुलखात आलेल्या लोकांना चर्च म्हणजे आपली भाषा ऐकू येणारी जागा होती. रविवारी आत जायला पगाराची स्लिप लागत नव्हती. आता लागते! मीही बाहेरून आलेलाच. माझ्या पगारात बसेल ते फुटपाथवरून बघणं.

अर्थात पाडून टाकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. रिकाम्या इमारतीचं गळकं छप्पर नुसत्या हळहळीने दुरुस्त होत नाही, त्याला पैसे लागतात. आणि घरं झाली की ते येतात. फक्त 'वास्तू वाचवली' असं म्हणताना एवढं लक्षात असू द्यावं, की भिंती वाचल्या, दार मात्र बदललं.