वेषाची पारख

मार्च २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागानें शिक्षकांच्या पोशाखाविषयीं एक निर्णय काढला. शिक्षिकांनीं साडी, सलवार-कमीज किंवा चुडीदार घालावा, शिक्षकांनीं सदरा विजारींत खोचून यावें, जीन्स आणि टी-शर्ट घालून शाळेंत येऊं नये, असा त्याचा मथितार्थ होता. मी त्यापूर्वींच सेवेंतून निवृत्त झालों असल्यामुळें त्या निर्णयानें माझें कांहीं बिघडलें नाहीं आणि सुधारलेंहि नाहीं. पांढरा सदरा आणि गडद रंगाची पँट याखेरीज दुसरें कांहीं घालून मी वर्गांत उभा राहिल्याचें माझ्या कोणत्याहि विद्यार्थ्यास स्मरत नसेल. परंतु आमच्या घरांत चौदा माणसें एका छपराखालीं नांदतात, आणि त्या रात्रीं पानें उचललीं गेलीं तरी वाद कांहीं मिटेना.

वादाचा मुख्य वक्ता माझा पुतण्या. तो हिंजवडीस एका संगणक-कंपनींत चांगल्या हुद्द्यावर आहे. पायांत चपला, आणि अंगांत कोणत्या तरी गायकमंडळाचें चित्र छापलेला, गळ्याशीं सैल पडलेला टी-शर्ट, अशा थाटांत तो कचेरीस जातो. त्याच्याहून वरचे अधिकारीहि म्हणे याच वेषांत येतात. माणसाची पारख त्याच्या कामावरून व्हावी, कपड्यांकडे पाहणें ही तुमच्या पिढीची खोड आहे, असें त्याचें म्हणणें. मुलगा गुणी आहे, आणि त्याचें म्हणणेंहि खरें आहे. मात्र हें बोलतांना त्याच्या गळ्यांत एक निळी फीत होती, आणि तिला त्याच्या छायाचित्राचें ओळखपत्र लटकत होतें. घरीं आल्यावर तें काढून ठेवावयास तो विसरला होता. माझें लक्ष राहून राहून त्या फितीकडे जाई. कंपनीच्या दारावरचा पहारेकरी त्याच्या चपलांकडे कशाला पाहील? तो फीत पाहतो आणि वाट सोडतो. पूर्वीं जें काम पगडी आणि उपरणें करीत असत, तें आतां त्या फितीकडे आलें आहे.

वेषावरून माणसाची किंमत करूं नये हा उपदेश आपल्या वाङ्मयास नवा नाहीं. पीतांबर नेसलेल्या विष्णूला समुद्रानें आपली कन्या दिली आणि दिगंबर शंकराच्या वाट्यास हलाहल आलें, असा टोमणा एका सुभाषितकारानें मारून ठेवला आहे. पण मला या संबंधांत आठवतो तो छांदोग्य उपनिषदांतला रैक्व. जानश्रुति राजा मोठा दाता. ठिकठिकाणीं धर्मशाळा बांधून अन्नदान करणारा. एका रात्रीं उडत जाणाऱ्या हंसांच्या बोलण्यांत त्यानें ऐकलें कीं, गाडीवाल्या रैक्वापुढें या राजाची मातब्बरी ती काय! राजानें आपल्या सेवकास शोधास धाडलें. तो हिंडून परत आला आणि सांपडला नाहीं म्हणून सांगूं लागला. तेव्हां राजानें त्यास, अरे, ब्रह्मवेत्त्याला जेथें शोधावयाचें तेथें शोध, असें बजावून पुन्हा पाठविलें. या खेपेस त्याला गाडीखालीं बसून खरूज खाजवीत असलेला एक मनुष्य दिसला. तोच रैक्व.

वर्गांत ही कथा सांगतांना खरजेच्या उल्लेखावर मुलें हटकून हंसत. कथेचें तात्पर्य सर्वांस ठाऊक असतें. पण पुष्कळ वर्षें ती सांगितल्यावर माझें मन दुसऱ्याच एका गोष्टीवर खिळूं लागलें. रैक्वाला गाडीखालीं खाजवीत बसणें शोभलें, कारण त्याची कीर्ति हंसांच्या तोंडून राजाच्या गच्चीपर्यंत आधींच पोंचली होती. शेजारच्या गाडीखालीं दुसरा कोणी तसाच बसला असता, तर त्याची विचारपूस करावयास राजसेवक थांबला असता काय? हंस हेंच रैक्वाचें ओळखपत्र.

ज्याची कीर्ति दारवानापर्यंत पोंचलेली नाहीं, त्याची गत काय होते? १८७४ सालीं ईश्वरचंद्र विद्यासागर कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या इमारतींतलें संग्रहालय पाहण्यास गेले. संस्कृत कॉलेजचें प्राचार्यपद भूषविलेला आणि विधवाविवाहाच्या कायद्यासाठीं झटलेला हा पंडित नेहमींप्रमाणें धोतर, चादर आणि देशी चपला अशा वेषांत होता. दारावर त्यांना चपला काढावयास सांगण्यांत आलें. विलायती बूट घातलेले लोक मात्र बुटांसकट आंत जात होते. विद्यासागर आंत न जातां परत फिरले आणि त्यांनीं लेखी तक्रार केली.

पुढें १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला, त्याला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले. त्यांनाहि दारावर अडविलें गेलें. ओळख पटल्यावर आंत सोडलें. जडजवाहिरांनीं मढलेल्या या मंडळींवरून हिंदुस्थानची कल्पना करूं नका, खरी प्रजा खेड्यांत आहे, असें त्यांनीं राजपुत्रास ऐकविलें. विद्यासागरांचा वेष नित्याचा होता. फुल्यांनीं आपला वेष त्या दिवसापुरता, बोलका म्हणून निवडला होता. एरव्हीं ते नीटनेटका पोशाख करणारे गृहस्थ. त्यांना आपण कोण आहों हें ठाऊक होतें, आणि दाराच्या आंतहि तें कोणास तरी ठाऊक होतें. म्हणून तो फाटका वेष बोलूं शकला. ज्याला तो रोजच घालावा लागतो, त्याच्या अंगावर तो मुकाच राहतो.

हें सर्व इंग्रजी अमदानींतलें झालें, असें म्हणून कोणी सुटका करून घेऊं पाहील, तर त्यानें अलीकडचीं वर्तमानपत्रें चाळावीं. जुलै २०१४ मध्यें मद्रास उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ति चेन्नईच्या एका क्लबांत ग्रंथप्रकाशनास गेले असतां, धोतर नेसलें आहे म्हणून त्यांना दारांतूनच परतावें लागलें. त्याच वर्षीं तमिळनाडूच्या विधिमंडळानें कायदा केला, आणि अशी आडकाठी करणाऱ्या संस्थांचा परवाना काढून घेण्याची तरतूद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्यें बंगळूरच्या मेट्रो स्थानकावर डोक्यावर गांठोडें घेतलेल्या एका शेतकऱ्यास, हातांत तिकीट असूनहि, कपडे मळके म्हणून अडविलें. त्याच वर्षीं जुलैंत त्याच शहरांत एक वृद्ध शेतकरी मुलाबरोबर सिनेमा पाहण्यास मॉलमध्यें गेला. त्याच्या धोतरावर हरकत घेतली गेली. ओरड झाल्यावर शासनानें तो मॉल सात दिवस बंद करावयास लावला. न्यायमूर्तींचें धोतर आणि शेतकऱ्याचें धोतर यांच्या सुतांत फारसा फरक नसेल. पण एकाच्या पाठीशीं त्याचें पद उभें राहिलें, आणि दुसऱ्याला दारावर कोणी तरी मोबाइलवर चित्रण करणारा भेटावा लागला. ज्याला असा कोणी भेटत नाहीं, तो गुपचुप घरीं परत जातो, आणि त्याची बातमी होत नाहीं. इकडे आमच्या घरचीं मुलें गणेशोत्सवांत तयार शिवलेलें धोतर घालून छायाचित्रें काढून घेतात, तेव्हां त्यांच्याकडे सारे कौतुकानेंच पाहतात.

आतां जें सांगावयाचें तें आपल्यासारख्या घरांत थोडें अवघड वाटेल. गांधीजींनीं २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुरेस पंचा नेसण्याचा निश्चय अमलांत आणला, आणि १९३१ सालीं लंडनच्या राजवाड्यांत पांचव्या जॉर्ज बादशहाकडे चहापानासहि ते त्याच वेषांत गेले. त्या पंचाचें तेज मोठें, यांत शंका नाहीं. उलट डॉक्टर आंबेडकर कोट, पाटलोण आणि टाय अशा पोशाखांत वावरले. माझ्या लहानपणीं आमच्या ओसरीवर या दोन वेषांची तुलना निघे, आणि तिचा निकाल आधींच ठरलेला असे: एक साधेपणाचा पुतळा, दुसरा साहेबी थाटाचा. निकाल देणारी मंडळी सज्जन होती, व्यासंगी होती. पण तो पंचा एका बॅरिस्टरानें स्वेच्छेनें पत्करलेला होता, आणि तो कोट अशा समाजांतल्या माणसाच्या अंगावर होता कीं, ज्याला कित्येक गांवीं चांगलीं वस्त्रें व दागिने वापरण्याची मनाई असे, हें कोणी बोलून दाखवीत नसे. अंगावर जें येऊं दिलें जात नव्हतें, तें घालून उभें राहणें याला थाट म्हणणें मला कधीं जमलें नाहीं. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रहप्रसंगीं डॉक्टर आंबेडकरांनीं तेथें जमलेल्या स्त्रियांना सांगितलें होतें कीं, तुमच्या लुगडें नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि दागिन्यांवरून तुम्ही कोण हें ओळखूं येतें. तेव्हां ती खूण टाकून द्या आणि उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणें लुगडें नेसा. कित्येकींनीं तें लगेच अमलांत आणलें. पायाच्या घोट्यापर्यंत लुगडें येणें ही आपल्या घरच्या बायकांना जन्मापासून मिळालेली गोष्ट. तिच्यासाठीं कोणास सभा भरवावी लागली असेल, ही कल्पनाहि आपणांस येत नाहीं.

वस्त्रांवरून माणसास आंत-बाहेर करण्याचें शास्त्र आपल्याइतकें बारकाईनें दुसऱ्या कोणी चालविलें असेल असें वाटत नाहीं. दांडीवरचा मुकटा आणि कोनाड्यांतली धाबळी यांना धक्का लागूं नये म्हणून आम्हीं मुलें भिंतीला चिकटून चालत असूं. तें आतां गेलें, आणि गेलें तें बरें झालें.

शाळेंत गणवेश असतो तो याच भेदावर उपाय म्हणून. सर्वांचे कपडे एक, म्हणजे सर्व मुलें एक, अशी त्यामागची कल्पना. कल्पना थोर आहे. पण ज्यानें तीस वर्षें जूनच्या पहिल्या आठवड्यांत हजेरी घेतली आहे, त्याला विचारावें. नव्या वर्षीं ज्या मुलाचा सदरा अंगाबरोबर बसतो, त्याच्या घरीं पुढल्या जूनची चिंता नाहीं, हें मला वहींत नांव लिहिण्यापूर्वींच समजे. ज्याचा ‘वाढत्या अंगाचा’ सदरा कोपराखालीं लोंबतो आणि ज्याच्या विजारीस आंतून चार बोटें दुमडून टांके घातलेले असतात, त्याला तो दोन वर्षें पुरवावयाचा असतो. पहिल्या वर्षीं तो मुलगा कपड्यांत हरवलेला दिसे. दुसऱ्या वर्षीं दुमडलेला भाग उलगडला जाई, आणि विजारीच्या खालच्या अंगास चार बोटें रुंदीचा गडद पट्टा दिसे; बाकीची विजार धुवून धुवून विटलेली. ज्या एका वर्षीं तो गणवेश त्याच्या अंगाला खरोखर शोभावयाचा, त्या वर्षीं तो विटलेला असे. तिसऱ्या वर्षीं तोच सदरा धाकट्या भावाच्या अंगावर, पुन्हा वाढत्या अंगाचा म्हणून, वर्गांत येई. गुंड्यांवरूनहि बरेंच कळे. चार पांढऱ्या आणि एक करडी गुंडी असली कीं समजावें, घरांत शिवणारें माणूस आहे पण बाजारांत जावयास पैसा नाहीं.

आणि पालक! प्रवेशाच्या दिवसांत गाडी पुसायला द्यावी तशा वेषांत, बर्म्युडा घालून येणारे पालक मीं पाहिले. त्यांना शिपाई खुर्ची पुसून देई. त्यांच्या मागें रांगेंत एकदां एक गवंडीकाम करणारे गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, पण गळ्याशीं एवढा अरुंद कीं वरची गुंडी लागत नव्हती, उघडच दुसऱ्याचा. नखांत सिमेंट राहिलेलें. त्यांना मीं बसावयास सांगितलें, तर सदऱ्याला सुरकुती पडेल म्हणून ते बसेनात. मुलीचा दाखला हातीं पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

जीन्सविषयीं मात्र माझी एक शंका आहे. १८७३ सालीं अमेरिकेंत जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनीं विजारीच्या खिशांच्या टोकांस धातूच्या खिळी ठोकण्याचें पेटंट घेतलें, तें कष्टाच्या कामांत मजुरांचे खिसे उसवूं नयेत म्हणून. फाटूं नये म्हणून निघालेलें वस्त्र आज दुकानांत गुडघ्यावर फाडून, अधिक किंमतीस विकतात. फाटक्याला किंमत केव्हां येते? तें हौसेनें फाडलेलें आहे अशी पाहणाऱ्याची खात्री असते तेव्हां. ज्या मुलाची विजार खेळतांना फाटे, तो ठिगळावर हात ठेवून फळ्याजवळ येई.

आमच्या वादास त्या रात्रीं पूर्णविराम मिळाला नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं भांडीं घासावयास येणाऱ्या मावशींनीं दिला. त्यांना मुलीच्या शिष्यवृत्तीच्या खात्यासाठीं बँकेंत जावयाचें होतें. त्या मंडळींजवळ साडी मागूं लागल्या. मंडळींनीं रोजच्या वापरांतली काढली, तर त्या म्हणाल्या, ‘ही नको वहिनी, ती इस्त्रीची द्या.’ पुतण्या तेथेंच चहा पीत होता. तो म्हणाला, ‘मावशी, बँकेंत कोण बघतंय? अशाच जा कीं. मीं तर चड्डीवर जातों.’ मावशी साडीची घडी नीट करीत हंसल्या. ‘तुम्हीं जातां दादा,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हांला सर म्हणतात. मी अशी गेलें तर म्हणतील, साहेब जेवायला गेलेत, उद्यां या.’