हसवायचं तर आधी नीट वाजवा

मुंबईच्या ‘वर्कशॉप’ या विनोदी मेटल बँडचा ‘खुनी मुर्गा’ हा पहिला अल्बम २००९ साली आला. कोणत्याही बड्या कंपनीचा वरदहस्त नव्हता, बँडने तो स्वतःच काढला. नाव ऐकूनच पुष्कळांनी तो पोरखेळात जमा केला आणि असं नाव ठेवल्यावर त्यांना दोष तरी कसा द्यायचा? विनोदी मेटल म्हणजे मेटलच्या परीक्षेत नापास झालेल्यांची पळवाट, असा समज संगीतावर लिहिणाऱ्यांमध्येही आहे. माझं मत नेमकं उलटं आहे. गंभीर मेटलमध्ये थोडं कच्चं वाजवणं खपून जातं, विनोदी मेटलमध्ये ते खपत नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबन कवितांच्या संग्रहाने १९२५ मध्ये रविकिरण मंडळाच्या कवितेची रेवडी उडवली, ती वृत्तावर आणि काव्याच्या जाणकारीवर अत्र्यांची पक्की मांड होती म्हणून. मात्रा चुकली असती तर लोक अत्र्यांनाच हसले असते. मेटलमध्ये हे अधिक कठोरपणे लागू होतं, कारण इथे छंदाबरोबर स्नायूंचाही प्रश्न असतो.

मेटलची सारी यंत्रणा दरारा निर्माण करण्यासाठी बांधलेली आहे. खालच्या सुरात लावलेली, करकरणारी गिटार, दोन्ही पायांनी वाजणारा डबल बेस ड्रम, गळ्याच्या तळातून येणारी गुरगुर. हा दरारा शाबूत असताना गाण्याचा विषय मात्र भलताच क्षुल्लक निघतो, तेव्हा हसू फुटतं. म्हणजे विनोद टिकतो तो दराऱ्याच्या आधारावर. ड्रमर अर्ध्या ठोक्याने घसरला की दरारा गेला आणि मग कोसळायला काही उरतच नाही. जगभरातले चांगले विनोदवीर हे जाणून होते. ‘धिस इज स्पायनल टॅप’ या १९८४च्या चित्रपटातल्या बनावट बँडची गाणी क्रिस्टोफर गेस्ट, मायकेल मॅककीन आणि हॅरी शीअरर या नटांनी स्वतः रचली आणि वाजवली. ‘मेटलोकॅलिप्स’ या कार्टून मालिकेतल्या ‘डेथक्लॉक’ बँडचा ‘द डेथअल्बम’ २००७ मध्ये आला, तेव्हा ब्रेंडन स्मॉलने ड्रमवर बसवला जीन होग्लनला. ‘डार्क अँजल’ आणि ‘डेथ’ या बँडमध्ये वाजवलेला हा माणूस या संगीतातल्या सर्वांत अचूक ड्रमरांपैकी एक आहे. कार्टूनसाठी एवढा मोठा वादक कशाला, असं विचारणाऱ्याने तो अल्बम ड्रमकडे कान देऊन ऐकावा.

यात एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. विनोदाला शब्द ऐकू यावे लागतात आणि मेटलची गुरगुर सगळ्यात आधी शब्दच गिळते. व्यंजनं बोथट होतात, स्वर एकमेकांत मिसळतात, वरून गिटारची भिंत. गंभीर मेटलला याने फरक पडत नाही, कारण श्रोता शब्द नंतर वाचून घेतो. विनोद मात्र नंतर वाचून कळला तर तो मेलेलाच असतो. यावर दोनच खात्रीचे उपाय आहेत. एक म्हणजे गुरगुरीत मधूनच स्वच्छ गळा आणायचा. दुसरा, माझ्या मते जास्त हुशारीचा, म्हणजे श्रोत्याला आधीच पाठ असलेले शब्द निवडायचे. वर्कशॉपच्या एका गाण्याचं नाव आहे ‘पुढे सरका’. बेस्टच्या बसमध्ये एकदा तरी लोंबकळलेल्या माणसाला हे दोन शब्द कितीही घोगऱ्या आवाजात ओरडले तरी कळतात. त्याच्या कानात ते कंडक्टरच्या आवाजात आधीच साठवलेले असतात. मुंबईचा बँड मुंबईच्या कानांचा असा वापर करतो, याला मी कारागिरी म्हणतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की गंभीर काही जमत नसलं की माणूस टवाळीकडे वळतो. वर्कशॉपच्या बाबतीत हा आक्षेप उभाच राहत नाही. त्याचा गायक साहिल मखिजा हा ‘डेमोनिक रिझरेक्शन’ या २००० साली सुरू झालेल्या, अत्यंत गंभीर बँडचा म्होरक्या. या बँडचा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ २०१० मध्ये आला आणि पुढे २०१७ मध्ये विष्णूच्या अवतारांवर बेतलेला ‘दशावतार’ही. ज्या गळ्याने अवतार गायले त्याच गळ्याने कोंबडाही गायला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विनोद दुसऱ्यांदा ऐकताना शिळा होतो, मग अल्बमचं प्रयोजन काय? हे मला मान्य आहे. दहाव्यांदा ऐकताना कुणीच हसत नाही. म्हणून तर विनोद विरून गेल्यावर काय उरतं, हीच विनोदी अल्बमची खरी कसोटी, आणि तिथे रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, उरला नाही तर अल्बम फसला. पुष्कळ फसतातही. यातला बराचसा विनोद कमरेखालचा आणि आळशी असतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. बायकांवरच्या शेरेबाजीला विडंबनाचं नाव देणारे बँड मला तरी कंटाळवाणे वाटतात.

स्वतः अल्बम काढण्याचा मुद्दा याला जोडूनच येतो. आपल्या बड्या संगीत कंपन्यांचं पोट चित्रपटगीतांवर भरतं, त्यात मेटल, त्यातही विनोदी, म्हणजे त्यांच्या हिशेबात न बसणारी गोष्ट. पण कंपनी असती तरी तिने पहिला प्रश्न हाच केला असता, की हे मुंबईबाहेर कुणाला कळणार? विनोद जितका स्थानिक तितका नेमका, आणि व्यापारी सल्ला नेमका स्थानिकपणा घासून काढायला सांगतो. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’चं उदाहरण पाहा. २०१७ मध्ये त्यांनी ‘अँटी-पॉप व्हॉल्यूम १’ काढला, पॉप गाण्यांची मेटलमध्ये केलेली टिंगल. पुढे ‘तुनक तुनक तुन’लाही त्यांनी मेटलचा साज चढवला. २०२२चा ‘रक्षक’ हा त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बमही त्यांनी स्वतःच काढला, आणि त्यात टिंगल जवळजवळ गेलेली होती. तेव्हा कुणी म्हणेल, बघा, विनोद सोडला तेव्हाच जगाने दखल घेतली. मला हा निष्कर्ष उथळ वाटतो. ‘रक्षक’मध्ये ढोल आणि जड गिटार ज्या सहजतेने एकत्र नांदतात, ती सहजता दुसऱ्यांची गाणी उलटीपालटी करून पाहण्याच्या मोकळिकीतून आली. गंभीर चेहऱ्याने तोच प्रयोग कुणी केला असता तर पहिल्याच ढोलाला ‘हे मेटल नव्हे’ अशी ओरड झाली असती. गंमत म्हणून ते खपलं, आणि खपता खपता शैली झालं.

वाचकांना एवढंच सुचवतो: ‘खुनी मुर्गा’ आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ पाठोपाठ ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे अजिबात लक्ष देऊ नका.