चूक यंत्राची कीं आमची?

आषाढाच्या झडीनें कोल्हापुरांतील मैदानांचा चिखल झाला, कीं आमचा फुटबॉल बंद पडतो आणि शाळेच्या सभागृहांतील टेबल टेनिसच्या टेबलाभोंवतीं गर्दी जमते. गेल्या पावसाळ्यांत आम्हां चौघां मित्रांच्या मनांत आलें, कीं खेळाडूनें कोणता फटका मारला, हें संगणकास ओळखावयास शिकवावें.

आमचें गांव तालमींचें. वस्ताद नव्या पोराला डावाची व्याख्या सांगत बसत नाहीं. तोच डाव पुनःपुन्हां दाखवितो. यंत्रशिक्षणाची रीतही अशीच आहे. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनीं सेकंदास १२० चित्रें टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें विद्यार्थ्यांचा खेळ टिपला व जाणत्या शिक्षकांकडून फटक्यांचे २० प्रकार पाडविले. शिवाय ‘फटकाच नव्हे’ असा एकविसावा वर्गही ठेविला. आमची मजल चारांपर्यंतच : फोरहँड, बॅकहँड, पुश व स्मॅश. मोबाईलवर लहान लहान चित्रफिती घेतल्या, प्रत्येकीस फटक्याचें नांव दिलें आणि त्या संगणकापुढें ठेविल्या. खांदा, कोपर व मनगट कसें हालतें, हें पाहून तो फटका ताडूं लागला. आठ दिवसांत त्याचीं उत्तरें बहुतेक बरोबर येऊं लागलीं, आणि आमची छाती फुगली.

एके सायंकाळीं आमच्या वर्गांतील एक अबोल मुलगा टेबलापाशीं आला. तो डावखुरा. त्यानें सुरेख फोरहँड मारला. यंत्रानें उत्तर दिलें, ‘बॅकहँड’. पुन्हां तेंच. सारे हंसले. तोही हंसला, पण बॅट खालीं ठेवून म्हणाला, “माझें असेंच असतें. संघ निवडतांनाही मी कुणाच्या ध्यानांत राहत नाहीं.” आणि तो निघून गेला.

त्या रात्रीं आम्हीं सर्व चित्रफिती पुन्हां पाहिल्या. त्यांत एकही डावखुरा नव्हता. आमचा फोरहँड उजव्या अंगास, त्याचा डाव्या अंगास. आणि डाव्या अंगाचा फटका म्हणजे बॅकहँड, असें आम्हींच यंत्रास शिकविलें होतें. त्याला आम्हीं बोलाविलेंच नव्हतें.

जाणत्यांचीही अशी फसगत होते. सन १९५२ मध्यें मुंबईस जागतिक स्पर्धा झाल्या. तोंवर खेळाडू चेंडूच्या आवाजावरूनही फटका ओळखीत. जपानचे हिरोजी सातो स्पंजची बॅट घेऊन आले. तो आवाजच उमटेना. मोठमोठे खेळाडू गोंधळले व सातो एकेरीचे विजेते ठरले. सवयीबाहेरचें कांहीं समोर आलें, म्हणजे कानही चुकतो, डोळाही चुकतो.

चित्रफिती आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें उलटवून घ्या, असें आमच्या शिक्षकांनीं सुचविलें. तेंही आम्हीं केलें. परंतु त्याआधीं भर पावसांत त्या मित्राच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीं तो आला आणि दमेपर्यंत खेळला.

वाचकहो, आतां त्याचा फोरहँड यंत्र ओळखतें, आणि वर्गाच्या संघांत तो आमच्याबरोबर खेळतो. परंतु शेजारच्या बाकावरील सोबत्यास ओळखण्यासाठीं आम्हांस यंत्राची चूक पाहावी लागली, ही गोष्ट मनाला अजून लागून राहिली आहे.