घाटाखालची भाकर आणि भरतीचं ताट

रोहिणखेडात पूर्वी एखादं पोर वाळलं की आजी मीठ-मोहरी घेऊन त्याची दृष्ट काढायची. होस्टेलवरून सुट्टीत आलेल्या मुलाची गालफडं बसलेली दिसली की सगळी आळी विचारायची, "काय रे, खायले देत नाहीत काय तिथं?" आता त्याच आळीतला वीस-बावीस वर्षांचा मुलगा आरशासमोर उभा राहतो, कमरेवरची चरबी दोन बोटांत धरतो आणि हळहळतो. त्याला वाळायचंच आहे. मात्र नुसतं वाळून चालणार नाही. पोट आत जावं आणि खांदे भरावेत, असा त्याचा दुहेरी हट्ट आहे.

ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. बुलढाणा जिल्ह्यात माणसं एकमेकांची ओळख 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' अशी करून देतात. रोहिणखेड घाटाखालचं, मोताळा तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. या घाटवाटेनं फौजा चढल्या-उतरल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन यानं खानदेशच्या नासिरखानाला इथंच हरवलं. खुदावंदखानानं १५८२ मध्ये बांधलेली मशीद त्या वर्दळीची साक्ष आहे. आता गावातल्या पोरांची लढाई सोळाशे मीटरची असते. पोलीस भरतीत ते अंतर ५ मिनिटं १० सेकंदांत कापलं तर पूर्ण २० गुण मिळतात. शंभर मीटर आणि गोळाफेक यांचे प्रत्येकी १५. अंगावर दोन-तीन किलो फालतू वजन असेल तर ते सोळाशे मीटर आपल्यालाच वाहून न्यावं लागतं, हे पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. म्हणून पहाटे मोताळ्याच्या रस्त्यानं धावणं आणि दिवसभर 'डायट'ची चर्चा.

आमच्या लहानपणी डायट हा शब्द घरात आला नव्हता. पण ताट ठरलेलं होतं, आणि ते आईनं नाही, शेतानं ठरवलेलं होतं. पहाटे चुलीवर ज्वारीच्या भाकरी पडायच्या. टोपल्यात एकावर एक रचलेल्या, खालच्या गरम आणि वरच्या कडक. न्याहारीला रात्रीची शिळी भाकर दुधात किंवा ताकात कुस्करून. दुपारची शिदोरी वावरात जायची. फडक्यात तीन-चार भाकरी, मधे हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, बुक्कीनं फोडायचा कांदा आणि लोट्यात पातळ वरण. बाप भाकरीच्या मधोमध बोटानं खळगा करायचा, त्यात चटणी टाकायचा आणि वरून करडीच्या तेलाची चार थेंबांची धार. तेल तेवढंच. तेलाची बाटली आई फळीवर इतकी उंच ठेवायची की आमचा हात पोचू नये.

भाजी ऋतूप्रमाणे बदलायची. पावसाच्या पहिल्या झडीनंतर तरोटा, मग घोळ, चिवळ. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. हिवाळ्यात तुरीचे सोले, हुरडा आणि तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. भरीत म्हटलं की खानदेशवाले हक्क सांगतात, सांगू देत. घाटाखाली आम्हीही ते कमी खाल्लेलं नाही. गव्हाची पोळी पाहुण्याला, पुरणाची सणाला, आणि रोडगे एखाद्या भंडाऱ्याला. मटण क्वचित. अंडी घरच्या कोंबडीनं दिली तर.

आणि या जेवणामागं काम होतं. वखर, डवरा, तिफण. विहिरीवरचा रहाट. डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन बांधाबांधानं घरी येणं. बाजाराला पायी जाणं. त्या काळच्या चाळिशीतल्या शेतकऱ्याचे फोटो काढून ठेवले असते तर आजच्या जिममध्ये भिंतीवर लावता आले असते. पोटाला घडी नाही, मनगटं दोरखंडासारखी.

इथवर लिहिलं की आमच्या पिढीचे लोक माना डोलावतात आणि म्हणतात, "बघा, तवा कुठं होतं ब्लडप्रेशर!" मला या वाक्याची चीड येते. ती माणसं सडपातळ होती, कारण पुष्कळदा पोटभर नव्हतं. १९७२ चा दुष्काळ आठवणारे अजून गावात आहेत. खडी फोडण्याच्या कामावर गेलेले, तिथं मिळालेली सुकडी खाल्लेले, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरवलेले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्याच्या मुळाशी हीच उपासमार होती.

आणि बायका? घरात सगळ्यांचं झाल्यावर बाई जेवायला बसायची. आमच्या घरी मी हे रोज पाहिलं. पातेल्याच्या तळाशी वरण उरलं असेल तर त्यात पाणी घालून वाढवायचं. नसेल तर भाकर आणि ठेचा. दुधाची वाटी मुलाला, साय बापाला. पहाटे जातं ओढायचं तिनं, मग दिवसभर निंदायला जायचं तिनं, आणि प्रथिनांचा शेवटचा घोटही तिच्या वाट्याला यायचा नाही. तिच्या अंगावर चरबी नव्हती हे खरं. तिला कुणी फिट म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नव्हतं. थकवा, पांढरे पडलेले डोळे, बाळंतपणात गळून जाणं, हे सगळं त्याच सडपातळ अंगात होतं. जुन्या ताटाचं गुणगान करताना आपण बापाचं ताट आठवतो, आईचं नाही.

तालमीतल्या पैलवानाचा प्रकार वेगळा. त्याला खुराक असायचा: दूध, तूप, बदाम, थंडाई, भिजवलेले हरभरे. घरातली एक म्हैस जणू त्याच्या नावची. गाव त्याला पोसायचं, कारण जत्रेत तो गावाचं नाव राखायचा. तिथं अंग कमावणं म्हणजे वाढवणं. वजनाच्या गटात बसवणं हे शहाणपण फार थोड्यांना होतं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवलं ते ५७ किलोच्या गटात. आणि काट्यावरचे जास्तीचे १०० ग्रॅम काय करू शकतात ते २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला अपात्र ठरलेल्या विनेश फोगाटच्या बाबतीत अख्ख्या देशानं पाहिलं. एका रात्रीत पाणी काढून वजन उतरवणं हा पैलवानांचा नाइलाज आहे. भरतीच्या पोरांनी ती नक्कल करू नये, मैदानावर चक्कर येऊन पडतात.

मग बदललं काय? ज्वारी गेली. तिच्या जाण्याचं खापर कुणा एकावर फोडता येत नाही. बैल कमी झाले, तसा कडबा कुणाला लागेनासा झाला. रानडुकरं आणि पाखरं उभ्या कणसांवर तुटून पडायची, राखणीला माणूस मिळेना. सोयाबीन नगदी होतं, हातात पैसा लवकर द्यायचं. आणि रेशनवर गहू-तांदूळ आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो केला, २०२३ पासून तो फुकट झाला. गरिबाच्या पोटाला आधार मिळाला, त्याबद्दल तक्रार करण्याचं पाप मी करणार नाही. पण फुकटचा गहू घरात असताना कोण ज्वारी विकत घेऊन दळेल? २०२५ च्या सुरुवातीला आमच्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस गळायला लागले आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठं लोक विचारू लागले की आपल्या ताटातला गहू येतो तरी कुठून.

ज्वारीबरोबर कामही गेलं. ट्रॅक्टर आला, तणनाशक आलं, मोटारसायकल आली. राहिला तो चहा, आणि तो वाढला. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यावर बिस्किटाचा पुडा, टोस्ट, स्टँडवरचा समोसा. शेगावच्या कचोरीबद्दल मी काही बोलणार नाही. ती माझीही कमजोरी आहे.

परवा पुतण्याला चहा पुढे केला तर म्हणाला, "काका, कायले पाजता? माही साखर बंद हाय." त्यानं मोबाईलमध्ये त्याचा तक्ता दाखवला. सकाळी ओट्स आणि पीनट बटर, दुपारी ब्राऊन राईस आणि चिकन ब्रेस्ट, संध्याकाळी पाण्यात कालवलेली व्हे, म्हणजे प्रथिनांची पावडर. पावडरीच्या डब्याची किंमत ऐकून मी गप्प झालो. "आणि भाकर?" म्हटलं. तो म्हणाला, "भाकरीत कार्ब असतात ना." ओट्समध्ये काय असतं, ते मी विचारलं नाही.

खरं तर गोंधळ त्याचा एकट्याचा नाही. २०१८ च्या सुमारास अख्ख्या महाराष्ट्रात घराघरांत जेवणावरून दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच. मूळ विचार नागपूरकडच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, म्हणजे आमच्या विदर्भातलाच. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा, तूप सोडू नका. गंमत अशी की आमचा जुना शेतकरी दोघांनाही आपला वाटेल. त्याची मोठी जेवणं दोनच, पण मधे मूठभर शेंगदाणे, चार बोरं, हुरड्याचं कणीस चालूच. त्याचं अंग घड्याळामुळं चिवट नव्हतं, खाल्लेलं सगळं संध्याकाळपर्यंत घामात जात होतं म्हणून होतं.

चरबी उतरवण्याचं गणित मोठं नाही. जितकं खर्च होतं त्यापेक्षा रोज तीनशे ते पाचशे कॅलरी कमी खायच्या, म्हणजे हळूहळू अंग हलकं होतं. याहून जास्त तोडलं तर चरबीबरोबर मांसही जातं आणि धावण्यातला दम संपतो. मांस टिकवायला दोन गोष्टी लागतात: ताकदीचा व्यायाम (जोर-बैठकाही चालतात) आणि पुरेशी प्रथिनं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं सामान्य माणसाला वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम. मेहनत करणाऱ्याला थोडी जास्त, १.२ च्या पुढे धरा. पासष्ट किलोच्या पोराला साधारण ऐंशी ग्रॅम. याच संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितलं आहे.

हे ऐंशी ग्रॅम रोहिणखेडात मिळतात का? मिळतात. रात्री भिजवलेले पन्नास ग्रॅम हरभरे, त्यातून नऊ. दोन उकडलेली अंडी, बारा-तेरा. दिवसभरात चार भाकरी, म्हणजे अडीचशे ग्रॅम पीठ, त्यातून पंचवीस. तुरीचं घट्ट वरण आणि मुगाची उसळ मिळून ऐंशी ग्रॅम डाळ-कडधान्य, अठराच्या आसपास. पाव लिटर दूध, आठ. मूठभर शेंगदाणे, सात. वर पालेभाजी हवी तेवढी, तेल चार चमचे. हे सगळं मिळून दोन हजार कॅलरींच्या जवळपास बसतं, आणि रोज धावणाऱ्या पोराला वजन उतरण्यासाठी हवी तेवढी तूट साधारण पडते. अंडी न खाणाऱ्यांनी डाळ आणि ताक वाढवावं.

भाकरीत जादू आहे असं मात्र मी म्हणणार नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं दहाच्या आसपास, गव्हात किंचित जास्तच. भाकरीचा फायदा साधा आहे: तिला तेल लावावं लागत नाही, ती चावावी लागते, आणि वरणाबरोबर खाल्ली की ज्वारीच्या प्रथिनात जो घटक कमी पडतो तो डाळ भरून काढते. जुन्या ताटात वरण पातळ होतं, आता ते घट्ट करायची ऐपत आपल्याला आली आहे. सुधारणा करायची तर ती इथं. आणि एक गोष्ट मला खुपते. शंभर ग्रॅमला पस्तीसहून जास्त प्रथिनं असलेलं सोयाबीन आमच्या वावरात पिकतं, पोत्यांनी बाजारात जातं, आणि घरी परत येतं ते तेलाच्या पुड्यातून. प्रथिनं बाहेर, चरबी घरात.

पहाटेच्या त्या रस्त्यावर आता पोरीही धावतात. त्यांना आठशे मीटर आणि चार किलोचा गोळा. आमच्या वेळी पोरगी रस्त्यानं धावताना दिसली असती तर गावभर बोभाटा झाला असता, तेव्हा हा बदल मला जुन्या हुरड्यापेक्षा गोड वाटतो. पण कितीतरी घरांत व्हेचा डबा भावासाठी येतो आणि बहीण धावून आल्यावर चहा-टोस्ट खाऊन क्लासला जाते. गावातल्या आयाबायांना एवढीच विनंती: सकाळी लेकासाठी दोन अंडी उकडत असाल तर पातेल्यात चार टाका, आणि स्वतःला धरून सहा.