ढिगाजवळ थांबायचं

दोंडाईचा बाजार समितीत मिरचीचा लिलाव पाहिलेल्या माणसाला फ्रेमवर्क समजावणं सोपं जातं. किराणा दुकानात आपण जातो, हवं ते मागतो, पैसे देऊन निघतो. ती झाली लायब्ररी. लिलावात मात्र घोळका एकेका ढिगापाशी सरकत येतो. आपण आपल्या ढिगाजवळ थांबायचं. फ्रेमवर्कमध्ये आपलं कोड असंच थांबलेलं असतं. हाक मारणारा दुसराच.

मला हे फार उशिरा कळलं. पीएचपीत सगळं हातानं लिहायची सवय. जँगो हे फ्रेमवर्क शिकायला घेतलं तेव्हा त्याच्या धड्यातलं मतदानाचं ॲप निमूट टाइप केलं, ते चाललंही, आणि डोक्यात काही शिरलं नाही. हे जँगो 2005 साली अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीतून बाहेर पडलं. मजकूर झटपट भरता यावा म्हणून ॲडमिन पॅनल त्यात आयतंच मिळतं.

मग मी जँगोत आमची पट्टी, म्हणजे मिरचीच्या विक्रीचा हिशेब, करायला घेतली. वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई. हिशेब लहानपणापासून पाठ, त्यामुळे जे अडेल ते जँगोचंच.

निव्वळ रक्कम काढायचं काम पट्टी साठवणाऱ्या 'सेव्ह' मेथडमध्ये लिहिलं होतं. फॉर्ममधून पट्टी भरली, बरोबर. ॲडमिनमधून भरली, तरी बरोबर. मग हमालीचा दर बदलला म्हणून सगळ्या पट्ट्या एका 'अपडेट'नं बदलल्या. हमाली नवी, निव्वळ रक्कम जुनीच! एरर एकही नाही. दोन रात्री स्वतःचीच वजाबाकी तपासत बसलो. आई विचारायची, "काय करी राहिना रे इतला येळ?" सांगणार काय? शेवटी 'सेव्ह'च्या पहिल्या ओळीत एक प्रिंट टाकला. काहीच उमटलं नाही. 'अपडेट' थेट डेटाबेसकडे जातं, माझं 'सेव्ह' त्याच्या वाटेत लागतच नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. ते पान मी दोनदा वाचून पुढे गेलो होतो.

तेव्हापासून नवं काही हाती आलं की तीच पट्टी आणि जागोजागी प्रिंट. रिॲक्टमध्ये तर तोच प्रिंट दोनदा उमटला. म्हटलं, आता हे काय! डेव्हलपमेंटमध्ये 'स्ट्रिक्ट मोड' मुद्दामच दोनदा हाक मारतो.

शिरपूर-धुळ्याच्या कॉलेजांतली मुलं विचारतात, आधी कोणतं फ्रेमवर्क शिकू? कोणतंही घ्या. घरचा, तोंडपाठ असलेला एक हिशेब तेवढा सोबत आणा. मिरचीचा नसेल तर डेअरीच्या दुधाचा चालेल.