यादीबाहेरची दिल्ली

"गुरुजी, दिल्लीला गेल्यावर काय काय पाहावे?" असा प्रश्न मला विद्यार्थी पुष्कळदा विचारीत. त्या काळी माझ्याजवळ उत्तर तयार असे. खिशातून एक कागद काढावा आणि लाल किल्ल्यापासून कुतुबमिनारापर्यंत १९ स्थळांची नावे वाचून दाखवावी, की माझे काम संपले. आज मात्र तो कागद मी कोणालाही देत नाही. असे का, तेच येथे सांगावयाचे आहे.

१९९५ सालच्या नाताळात आमच्या शाळेची सहल दिल्लीला गेली. मी तेव्हा मराठीचा शिक्षक होतो. सहलीची सर्व जबाबदारी माझ्याकडे होती. ४० मुले, दोन दिवस आणि १९ स्थळे, असा सारा हिशेब. मनमाडला गाडीत बसतानाच मी मुलांना बजावले, "जो रेंगाळेल, तो सर्वांचे नुकसान करील!" दिल्लीची थंडी मुलांना नवी होती. तोंडातून निघणारी वाफ पाहून ती हसू लागली, तर मी त्यावरही रागावलो.

पहिले स्थळ लाल किल्ला. शाहजहान बादशहाने बांधलेला हा किल्ला १६४८ साली पुरा झाला. तेथील दिवाण-ए-खास या संगमरवरी महालात वाटाड्याने आम्हांला सांगितले, "येथले मयूरासन १७३९ साली नादिरशहाने नेले. वर चांदीचे छत होते, ते १७६० साली सदाशिवरावभाऊंनी उतरवले." एक मुलगा चटकन पुढे आला. "गुरुजी, भाऊसाहेब म्हणजे पानिपतावर पडलेले आपलेच भाऊसाहेब ना? मग त्यांनी असे का केले?" प्रश्न अडचणीचा होता. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "चला, चला, उशीर होतो आहे!"

दुपारी कुतुबमिनार झाला. ७२ मीटरांहूनही उंच असा तो मिनार मुलांनी मान मोडेपर्यंत पाहिला. शेजारच्या लोहस्तंभाला पाठ लावून, हात मागे नेऊन कवेत घेण्याची त्यांची धडपड चालली होती. तीही मी पाच मिनिटांत थांबवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. या प्रचंड वास्तूसाठी माझ्या कागदावर अर्धा तास लिहिलेला होता! दालनांमागून दालने ओलांडून आम्ही बसपाशी आलो आणि मी मुले मोजली. ३९ भरली. पुन्हा मोजली, ३९च. माझ्या पायांखालची जमीन सरकली. परक्या शहरात दुसऱ्याचे लेकरू हरवले, तर त्याच्या आईबापांना कोणते तोंड दाखवायचे? मी धावतच आत गेलो.

सातवीतील एक मुलगी हडप्पा संस्कृतीच्या दालनात एका काचपेटीपुढे उभी होती. पेटीत मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली नर्तकीची काशाची मूर्ती होती. ही मुलगी बोटे ताणून काचेवर वीत धरून होती. जीव भांड्यात पडला, पण त्याबरोबर रागही उसळला. "त्या एवढ्याशा बाहुलीत पाहण्यासारखे काय आहे? तुझ्यापायी ४० जणांचा खोळंबा!" असे मी सर्वांदेखत तिला बोललो. ती एक शब्दही बोलली नाही. बसमध्ये खिडकीशी तोंड फिरवून बसली.

परतीच्या गाडीत मी सर्वांना सहलीचे वर्णन लिहावयास सांगितले. ३९ वह्यांत माझीच यादी उतरली होती. चाळिसाव्या वहीत १९ स्थळांपैकी एकाचेच नाव होते. त्या मुलीने लिहिले होते, "पुस्तकातल्या चित्रावरून मला नर्तकी मोठी वाटली होती, पण ती माझ्या वितीहून लहान आहे. तिच्या डाव्या हातात पार खांद्यापर्यंत बांगड्या आहेत. वाटाड्या म्हणाले, की ती मेणाची करून मग ओतली आहे. माझे बाबा ओतारी आहेत. तेही देवाची मूर्ती आधी मेणाची करतात, तिच्यावर माती लिंपतात, भट्टीत तापवून मेण वाहू देतात आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना माझ्या बाबांचे काम कसे येत होते, याचा मी विचार करीत होते. म्हणून उशीर झाला. क्षमा असावी."

वही माझ्या हातात तशीच राहिली. त्या दालनात सर्वांत अधिक पाहिले होते ते तिने, आणि बोलणी खाल्ली होती तीही तिनेच. क्षमा कोणी मागावयास हवी होती? सकाळी गाडी मनमाडला येण्यापूर्वी मी तिला जवळ बोलावले आणि सर्वांसमक्ष म्हणालो, "बाळ, काल माझे चुकले. तुझी वही मी वर्गात वाचून दाखवणार आहे." ती लाजून हसली.

सेवानिवृत्तीनंतर, २०१९ साली, मी पुन्हा दिल्लीस गेलो. या खेपेस खिशात यादी नव्हती. काचपेटीपुढे उभा राहून मीही वीत धरली. मूर्तीची उंची अवघी साडेदहा सेंटिमीटर. पण कमरेवर हात ठेवून, मान किंचित वर करून ती अशा ऐटीत उभी आहे, की पाहणाऱ्यालाच आपण लहान वाटावे.

लोहस्तंभाभोवती आता कुंपण होते. हजारो हातांच्या स्पर्शाने त्याची झीज होऊ लागली, म्हणून १९९७ साली ते घालण्यात आले. सुमारे सोळाशे वर्षे ऊनपाऊस सोसूनही हा स्तंभ गंजून गेलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होऊन आतील धातूचे रक्षण होते.

मग दिवाण-ए-खासमध्ये त्या मुलाचा प्रश्न आठवला. बाळांनो, त्याचे उत्तर आज तुम्हांला देतो. भाऊसाहेबांच्या सैन्यापाशी पैसा उरला नव्हता. शिपायांचे पगार भागवण्यासाठी त्यांनी ती चांदी काढून तिची नाणी पाडली. निकड खरी होती. पण एका सुंदर वास्तूची हानी झाली, हेही तितकेच खरे. पुढे याच दिल्लीत महादजी शिंदे यांनी १७७२ साली शाहआलम बादशहाला पुन्हा गादीवर आणून बसवले. आपल्या पूर्वजांच्या दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. अभिमानाची तेवढी सांगावी आणि अडचणीची आली की घड्याळ पाहावे, हे शिक्षकाला शोभत नाही.

शेवटच्या सायंकाळी मी गांधी स्मृतीत गेलो. पहिल्या खेपेस आमची बस त्या दारावरून निघून गेली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी बापू प्रार्थनेसाठी ज्या वाटेने चालत गेले, तेथे त्यांच्या पावलांच्या खुणा केल्या आहेत. त्या खुणांच्या कडेने मी सावकाश चालत गेलो. जेथे त्या संपतात, तेथे बराच वेळ उभा राहिलो. मला कोणी "चला" म्हटले नाही.

मुलांनो, तुम्हीही कधीतरी राजधानीस जाल. सोमवारी संग्रहालय आणि लाल किल्ला बंद असतात, एवढे ध्यानात ठेवा. सर्व पाहून होणार नाही. त्याची खंत करू नका. एखाद्या वस्तूपुढे पाय आपोआप थांबले, तर थांबा; मात्र बरोबरच्या मोठ्या माणसांना तसे सांगून थांबा! आणि मनात प्रश्न आला, तर तो विचारल्यावाचून पुढे जाऊ नका. उत्तर द्यावयास एखादे गुरुजी टाळाटाळ करू लागले, तर पुन्हा विचारा.