पेटीतला एकच कण

गणितात आपण कधी चुकलो नाही असे म्हणणारा मनुष्य एक तर महापंडित असावा, नाही तर त्याने गणिते सोडविलीच नसावीत. आम्ही दोहोंपैकी कोणीच नसल्यामुळे आमच्या पदरी चुकांचा संचय मोठा आहे. त्यांतील एक मात्र आम्ही जपून ठेवली आहे.

महाविद्यालयात चाचणी परीक्षेस प्रश्न आला. दहा आंगस्ट्रॉम लांबीच्या पेटीत एक इलेक्ट्रॉन कोंडलेला आहे. किमान ऊर्जेच्या स्थितीत तो पेटीच्या मधल्या तृतीयांशात सापडण्याची संभाव्यता किती? येथे पेटी म्हणजे एक सरळ रेषा आणि दोन टोकांस अलंघ्य भिंती, एवढेच. या स्थितीत त्याचे तरंगफलन साइन वक्राच्या एका कमानीसारखे असते. भिंतींशी शून्य, मध्यावर सर्वांत उंच. आम्ही त्याचा वर्ग केला, मधल्या भागाचे क्षेत्रफळ संकलनाने काढले आणि मोठ्या ऐटीत उत्तर लिहिले: ३.०४५.

उत्तरपत्रिका परत आली तेव्हा सरांनी तांबड्या शाईने एवढेच लिहिले होते, "कण एकच आहे ना?"

संभाव्यता एकाहून अधिक नसते, हे आम्हांस काय ठाऊक नव्हते? शिष्यवृत्तीवर शिकत असल्याने गेलेल्या गुणांचे दुःख लहान नव्हते. पण त्याहून बोचत होते ते हे की, संकलनाची एकही पायरी चुकलेली सापडेना. रात्री उशिरा, केवळ हट्टाने, आम्ही संपूर्ण पेटीचे क्षेत्रफळ काढले. ते भरले पाच!

मग उजाडले. भिंती अलंघ्य, तेव्हा कण जाणार कोठे? साऱ्या पेटीत मिळून तो सापडण्याची संभाव्यता एकच असली पाहिजे. ३.०४५ ला पाचाने भागले, ०.६०९ आले. म्हणजे अशा शंभर पेट्या तपासल्या, तर सुमारे एकसष्टांत कण मधल्या भागात सापडावा. इकडून तिकडे एकाच वेगाने धावणारा साधा चेंडू असता, तर तेहतिसांतच! आमच्या कमानीचा आकार बरोबर होता; माप तेवढे ठरविलेले नव्हते. वर्गाखालील एकूण क्षेत्रफळ पेटीच्या लांबीच्या निम्मे भरते, म्हणून कमानीची उंची 'दोन भागिले लांबी' याच्या वर्गमूळाइतकी घ्यावयाची. ग्रंथांत यालाच प्रसामान्यीकरण असे भारदस्त नाव आहे. त्या नावाच्या धाकानेच आम्ही तो परिच्छेद वगळला होता, हे येथे कबूल करतो.

पुढे वाचनात आले की, १९२६ साली माक्स बॉर्न यांनी संभाव्यतेचा हा अर्थ प्रथम मांडला, तेव्हा त्यांच्या लेखाच्या मूळ मजकुरात वर्ग नव्हताच. मुद्रिते तपासताना त्यांनी तळटीप घालून ती दुरुस्ती केली. १९५४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आमचे गुण मात्र वाढले नाहीत.

ती उत्तरपत्रिका अद्याप आमच्यापाशी आहे. तांबडी शाई फिकटली. तिच्याखाली त्या रात्री पेन्सिलीने काढलेला पाचाचा आकडा अजून वाचता येतो.